खानदेशातली कॉलेजची पोरं आणि नशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात. इथे शिकणारी निम्मीअधिक पोरं आसपासच्या तालुक्यांतून येतात, कुणी पॅसेंजरने, कुणी एसटीने, कुणी शहरात रूम करून. पालकसभेत, होस्टेलवर आणि बहुतेक वेळा सभा आटोपल्यावर मोटारसायकलला किक मारता मारता जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. पालकांशी ‘तुम्ही’ने बोललो आहोत, विद्यार्थ्यांशी ‘तू’ने, वर्गात बोलतो तसंच.

हे पुण्या-मुंबईचं लोण. आपल्याकडे एवढं कुठे आहे?

आहे. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे, शिरपूरवरून मध्य प्रदेशात शिरतो आणि सुरतेहून येणारी रेल्वे नंदुरबार, अमळनेर करत जळगावला मुख्य मार्गाला मिळते. माल ज्या वाटेने जातो त्या वाटेवर थोडा सांडतोच. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी इतर पिकाच्या आडून लावलेला गांजा पोलिसांनी अनेकदा उपटला आहे. मालेगाव-धुळे पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ हे नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचं नाव आता पानटपरीवरच्या माणसालाही माहीत आहे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के आणि भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेणारे २.८ टक्के निघाले. म्हणजे बहुसंख्य लोक काहीच घेत नाहीत. ‘सगळेच घेतात’ हे वाक्य पोराला सगळ्यात जास्त नडतं, आणि ते मुळात खोटं आहे.

पोरं नेमकं घेतात काय?

सुरुवात बहुतेक वेळा तंबाखू आणि गुटख्याने होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते ते कॉलेजच्या भिंतींचे कोपरे पाहिले की कळतं. त्यानंतर दारू, मग गांजा. गांजाला कुणी ‘माल’ म्हणतं, कुणी ‘पुडी’. गुंडाळायच्या कागदाला ‘गोगो’. झोपेच्या किंवा घबराटीवरच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, यांना कुत्ता गोळी किंवा ‘बटन’ म्हणतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध म्हणजे ‘बाटली’. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पांढरट पावडर, महाग. याशिवाय जिममधली आणि भरतीच्या मैदानावरची इंजेक्शनं आहेत, त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन हुंगणं कॉलेजपेक्षा शाळकरी वयात जास्त दिसतं, म्हणून इथे फक्त उल्लेख.

गांजा तर झाडपाला. शंकराचा प्रसाद. त्याने काय होतं?

महाशिवरात्रीला वर्षातून एकदा भांग घेणारा आणि रोज संध्याकाळी रूमवर चिलीम ओढणारा यांना एका रांगेत बसवू नका. रोजच्या गांजाने पहिल्यांदा लक्ष आणि स्मरणशक्ती जाते. पोरगा वर्गात असतो, पण दहा मिनिटांपूर्वी फळ्यावर काय लिहिलं ते त्याला सांगता येत नाही. काहींना त्यातून संशय, भास, ‘माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय’ असं सुरू होतं. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर हा धोका जास्त, आणि कमी वयात सुरू केलं तर आणखी जास्त. असा पोरगा घरच्यांना ‘बाहेरचं झालंय’ असा वाटतो आणि दोन-तीन महिने भगताच्या दारात जातात. तेवढा काळ उपचाराविना गेला की पुढचे उपचार लांबतात.

कायद्याचं म्हणाल तर भांगेच्या नुसत्या पानांना एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा केंद्राचा कायदा, गांजा मानत नाही, राज्याचे दारूबंदीचे नियम मात्र लागू होतात. फुलोऱ्याचा गांजा आणि चरस सरळ गुन्हा आहे.

गोळ्या तर मेडिकलमध्ये मिळतात. मग ते औषधच ना?

औषधच. पण ज्याच्या नावाने चिठ्ठी आहे त्याच्यासाठी, तेवढ्या दिवसांसाठी. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं सरकारी औषध नियमांच्या ‘एच-१’ या परिशिष्टात आहेत. विकताना दुकानदाराने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. जिथे हे होत नाही तिथून माल बाहेर पडतो. एका आईने मुलाचा शर्ट भिजवायला घेतला तर खिशात पट्टीचा कापलेला तुकडा निघाला, दोनच गोळ्यांचा, नाव आणि तारीख छापलेला भाग कात्रीने उडवलेला. औषध म्हणून घेतलेल्या गोळीचं नाव कुणी कापत नाही.

या गोळ्यांचे दोन धोके लोकांना माहीतच नसतात. पहिला, दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो. दुसरा, महिनोन्महिने रोज घेऊन एके दिवशी एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. ‘आजपासून बंद, देवाची शपथ’ हा घरगुती उपाय इथे जिवावर बेततो. डॉक्टर मात्रा हळूहळू खाली आणतात, तसंच आणावं लागतं. रोज भरपूर दारू पिणाऱ्यालाही हेच लागू आहे.

एमडीचा एवढा गाजावाजा का?

कारण ते लवकर पकडतं. झोप, भूक, थकवा सगळं गायब, परीक्षेच्या आदल्या रात्री पोराला वाटतं आपण जग जिंकलं. मग दोन दिवस उदास, चिडचिड, काही सुचत नाही, आणि ती उदासी घालवायला पुन्हा तेच. छातीत धडधड, रात्रभर दात खाणं, झपाट्याने वजन उतरणं, संशय. मेफेड्रोन २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आलं.

खानदेशात यात आणखी एक भर पडते, ती उन्हाची. एमडी अंगातली उष्णता वाढवतं आणि तहान-थकवा कळू देत नाही. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर असताना पत्र्याच्या रूममध्ये हे घेतलेला पोरगा उष्माघाताने कोसळला तर सोबतच्यांना वाटतं ऊन लागलं. ऊन लागलेलंच असतं, फक्त त्याच्या शरीराने दिलेला इशारा आधीच दाबलेला असतो.

पोलीस भरतीची तयारी करतोय. ग्राउंडवर इंजेक्शन घेणारे दिसतात. तेही नशेतच धरायचं का?

धर. मेफेंटरमीन नावाचं इंजेक्शन भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला वापरतात. तेच जिममध्ये आणि धावायच्या आधी मारलं जातं. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी त्याचा साठा पकडला आहे. दम वाढल्यासारखं वाटतं. रक्तदाब आणि ठोके एकदम चढतात, सवय लागते, आणि एकाच सुईने दोघा-तिघांनी घेतलं तर कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही यांची दारं उघडतात. स्टेरॉइडची कथा वेगळी आहे पण शेवट बराच सारखा.

आणि एक हिशेब तूच कर. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. एनडीपीएसचा गुन्हा नावावर असेल तर सोळाशे मीटर कितीही वेगात पळालास तरी उपयोग काय?

पहिल्यांदा देतं कोण? कॉलेजच्या गेटवर उभे असलेले पेडलर?

पालकांच्या डोक्यात काळा चष्मा लावलेला एक अनोळखी माणूस असतो. तो नसतोच असं नाही, पण पहिली ओढ बहुतेक वेळा मित्राच्या हातून येते, फुकट येते, आणि ‘काही व्हत नही रे भो’ या पाच शब्दांसोबत येते. वाढदिवस, सेमिस्टर संपल्याची पार्टी, गडावरची ट्रिप, किंवा नुसता बॅकलॉगचा निकाल.

मुळाशी बहुतेकदा तीन गोष्टी सापडतात. पहिली, रात्र. घरी दहाला दिवे मालवणारा पोरगा शहरातल्या रूमवर पहाटे तीनपर्यंत जागा असतो आणि त्याला विचारणारं कुणी नसतं. दुसरी, लाज. गावात पहिला येणारा इथे इंग्रजीतून शिकवलेलं कळत नाही म्हणून मागच्या बाकावर सरकतो. ते तो घरी सांगत नाही, कारण वडिलांनी केळीच्या पट्टीचे पैसे फीमध्ये भरलेले असतात. तिसरी, आधीच असलेलं नैराश्य किंवा घबराट, जिला घरात ‘नाटक’ म्हटलं गेलं. या पोराला नशा मजा म्हणून नको असते, गोळी म्हणून हवी असते. त्याला ‘नशा सोड’ म्हणून सांगणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून गोळी हिसकावणं.

घरच्यांना कळावं कसं?

लाल डोळे आणि डोळ्यांत टाकायच्या औषधाची बाटली, अंगाला येणारा वास लपवायला फवारलेला सेंट, जड जीभ, अवेळी भूक किंवा मुळीच भूक नाही, सुट्टीला घरी आला तरी दुपारी बारापर्यंत झोप. पैशांत बघा: मोठी रक्कम क्वचितच जाते, दोनशे-तीनशेच्या नोंदी एकाच दोन नंबरांवर वरचेवर दिसतात. ‘प्रोजेक्टची फी’ एकाच सेमिस्टरमध्ये तिसऱ्यांदा मागितली जाते. जुने मित्र सुटतात आणि नव्यांची नावं सांगितली जात नाहीत.

यातलं एकही लक्षण पुरावा नाही. प्रेमभंगात, परीक्षेच्या ताणात, नैराश्यात हेच दिसतं. म्हणून लक्षण दिसलं की निकाल देऊ नका, विचारा. बाजारात मिळणारी लघवी तपासणीची किट आणून मुलाला मोरीत उभं करणारे पालकही आम्ही पाहिले आहेत. रोज गांजा घेणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यावरही काही आठवडे सापडू शकतो. म्हणजे ज्या पोराने खरंच सोडलं त्यालाच तुम्ही खोटा ठरवाल. तपासणी डॉक्टरने करावी, आणि पोराला सांगून.

विचारायचं कसं? बोललो की तो उठून निघून जातो.

चार लोकांत नको. मामा, काका, शेजारचे पाटील यांची बैठक बसवून तर अजिबात नको. तो नशेत असताना नको. रात्री जेवणानंतर ओट्यावर, दोघंच. सुरुवात आरोपाने करू नका, जे दिसलं तेवढंच सांगा: “तुझ्या खिशात ही पट्टी सापडली. मला राग आला, पण त्याआधी भीती वाटली. काय व्हयनं, सांग माले.” आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं वडिलांना फार जड जातं. पोरगा पहिल्यांदा ‘मित्राची आहे’ म्हणेल. म्हणू द्या. ‘बरं. मग मित्राचं काय चाललंय?’ असं विचारलं तरी बोलणं पुढे सरकतं.

मारणं, मोबाइल फोडणं, कॉलेजातून काढून शेतात नेऊन ठेवणं, ‘आमची अब्रू घालवलीस’ हे वाक्य. याने फक्त लपवणं पक्कं होतं. अब्रूच्या धाकाने लपवण्यात जितके महिने जातात, तितका आजार मुरतो. आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात आईला आधी कळलेलं असतं आणि तिने ते वडिलांपासून झाकलेलं असतं. आईला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिला वडिलांच्या हाताची भीती होती, एवढंच.

माझा रूम पार्टनर घेतो. मी घेत नाही. मी काय करू?

आधी स्वतःचं बघ. जागा वापरू दिली, माहीत असूनही, तर एनडीपीएस कायद्याचं कलम २५ जागामालकाला आणि तिथे राहणाऱ्यालाही लागू होऊ शकतं. ‘माझी नव्हती’ हे न्यायालयात सिद्ध करत बसायची वेळ येऊ देऊ नकोस. त्याला स्पष्ट सांग: रूमवर ठेवायचं नाही.

पण मित्र म्हणून एवढ्यावर थांबू नकोस. तो शुद्धीत असताना एकदा बोल, सोबत दवाखान्यात यायची तयारी दाखव. त्याच्या घरी सांगायचं की नाही हा अवघड प्रश्न आहे. आमचं मत: जिवाला धोका दिसत असेल, म्हणजे सुई, दारूसोबत गोळ्या, मरणाची भाषा, तर सांगायचंच, मैत्री तुटली तरी. तेवढं नसेल तर आधी विश्वासातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना गाठ.

आणि कुणी ‘एवढी बॅग भुसावळच्या गाडीत ठेव, दोन हजार देतो’ म्हणालं तर तिथून निघ. आत काय आहे ते माहीत नव्हतं हे तुलाच पटवून द्यावं लागतं.

नको म्हणायचं कसं? लगेच ‘आला मोठा साधू’ म्हणतात.

भाषण देऊ नकोस. छोटं कारण, तेच ते, हसत: ‘पहाटे ग्राउंड आहे’, ‘गोळ्या चालू आहेत डॉक्टरच्या’, ‘मामा पोलिसात आहे, वास ओळखतो’. थोडं खोटं चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर विचारणं बंद होतं. बंद झालं नाही तर ते मित्र आहेत का, हे तुझं तू ठरव. सीनियरने जबरदस्तीने प्यायला किंवा ओढायला लावणं हे रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून वेगळा कायदा आहे. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

मित्र बेशुद्ध पडला. पोलीस केस होईल म्हणून सगळे घाबरलेत.

१०८ लावा. बाकीचं नंतर.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे, तोंड थोडं खाली, म्हणजे उलटी घशात न जाता बाहेर येईल. उताणा ठेवू नका. लिंबू-पाणी, ताक, कॉफी काही पाजू नका, बेशुद्ध माणसाच्या घशातून ते फुप्फुसात जातं. बादलीभर पाणी ओतू नका, पण अंग तापलेलं असेल तर ओल्या कपड्याने पुसा, पंखा लावा. घोरण्यासारखा खडखडाट येतोय म्हणजे गाढ झोपलाय असं समजू नका, तो श्वास अडकल्याचा आवाज असू शकतो. ओठ-नखं निळी, श्वास फार सावकाश, हाक मारून चिमटा काढूनही हालचाल नाही: वेळ अजिबात नाही. एकाने सतत जवळ बसायचं. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ या वाक्याने पोरं गेली आहेत.

डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगा, उरलेली पट्टी किंवा पुडी दाखवा. अफूच्या जातीच्या औषधावर नालोक्झोनचा उतारा आहे. तो द्यायचा की नाही हे तुमच्या उत्तरावर ठरतं.

सापडला तर शिक्षा किती?

एनडीपीएस कायदा १९८५ चा. नुसतं सेवन केल्याबद्दल कलम २७: हेरॉइन, मॉर्फिन, कोकेनसारख्यांसाठी १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गांजासह बाकीच्यांसाठी ६ महिन्यांपर्यंत किंवा १०,००० पर्यंत किंवा दोन्ही. जवळ बाळगण्याची शिक्षा वजनावर ठरते. गांजाचं ‘अल्प प्रमाण’ १ किलोपर्यंत, ‘व्यापारी प्रमाण’ २० किलोपासून. एमडीचं अल्प प्रमाण अवघं २ ग्रॅम आणि व्यापारी ५० ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला १० ते २० वर्षं सक्तमजुरी, १ ते २ लाख दंड, आणि कलम ३७ मुळे जामीन फार कठीण. चार मित्रांसाठी एकाने एमडी आणलं की तो ‘घेणारा’ राहत नाही, ‘आणणारा’ होतो. पोरांना हा फरक पकडल्यावर कळतो.

उपचाराला नेलं तर डॉक्टर पोलिसांना कळवतील का?

व्यसनावर उपचार घ्यायला आलेल्यांची नावं पोलिसांना द्यायची पद्धत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्या कायद्यात आजार म्हणूनच धरले आहेत.

त्याहून महत्त्वाचं कलम एनडीपीएस कायद्यातच आहे, ६४-अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. वकील लावतानाच हे कलम विचारा. खटल्याच्या धावपळीत ते विसरलं जातं.

न्यायचं कुठे?

पहिली पायरी मानसोपचार विभागाची. जळगाव, धुळे (श्री भाऊसाहेब हिरे) आणि नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. प्रत्येकाला भरती करावं लागतंच असं नाही, कॉलेज चालू ठेवून बाह्यरुग्ण विभागातून बरे होणारे पुष्कळ असतात.

भरतीची वेळ आली तर केंद्र नीट पारखून घ्या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ खरंच येतात का, की फक्त बोर्डावर नाव आहे? घरच्यांना भेटू देतात का? मोठ्या वयाच्या मुलाला सहसा त्याच्या संमतीने भरती करायचं असतं. संमतीशिवाय भरती मोजक्या परिस्थितीत, डॉक्टरांनी तपासून, मर्यादित काळासाठी. ‘तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची चार माणसं उचलून आणतील’ असं फोनवर सांगणारं केंद्र असेल तर फोन ठेवा. साखळीने बांधण्याला कायद्याने मनाई आहे, मारहाण हा उपचार नाही. चांगलं केंद्र कसं चालतं याची कल्पना हवी असेल तर पुण्याचं मुक्तांगण आहे; डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, आणि खानदेशातली कितीतरी घरं त्याला ओळखतात.

लग्न लावून दिलं तर सुधरेल?

नाही. एकाच्या जागी दोन आयुष्यं अडकतील. मुलीच्या घरच्यांपासून हे लपवून लग्न लावणं ही सरळ फसवणूक आहे.

माळ घातली, शपथ घेतली. पुरेल का?

वारकऱ्याची माळ घालून सुटलेली माणसं खानदेशात गावोगाव आहेत, ते कुणी नाकारू नये. माळेसोबत रोजची संगत, रोजचा हरिपाठ, एकादशी येते. म्हणजे रिकामी संध्याकाळ भरली जाते. नुसती शपथ मात्र टिकत नाही. आणि गोळ्या-दारूच्या बाबतीत एकदम बंद करण्याचा धोका वर लिहिला आहे, तेव्हा माळ आणि डॉक्टर दोन्ही.

तीन महिने चांगला होता, पुन्हा सुरू झालं. पैसे पाण्यात गेले का?

नाही गेले. हा आजार उलटतो, मधुमेहात साखर पुन्हा चढते तसा. काय घडलं म्हणून उलटला ते शोधायचं: पगार झाला, जुना मित्र भेटला, पोळ्याला गावी गेला, झोप बिघडली. एक धोका मात्र डोक्यात ठेवा. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, तेव्हा जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो. म्हणून ‘पुन्हा घेतलंय’ हे सांगायला तो घाबरणार नाही असं घर हवं.

आमच्याकडे मोहाची दारू पूजेला लागते. मग पोराला नको कसं म्हणायचं?

धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारला, आणि तो रास्त आहे. सातपुड्यात मोह देवाला चढतो, जन्म-मरणाला लागतो, आणि त्यावर बाहेरच्याने नाक मुरडू नये. पण तिथे कधी, किती, कुणासोबत याला घडी असते आणि वडीलधारे समोर असतात. वसतिगृहाच्या मागे चौघांत संपवलेल्या बाटलीला यातलं काहीच नसतं. जुनी माणसंच हा फरक आमच्यापेक्षा चांगला सांगतात, त्यांना बोलवा.

मुलीही घेतात का?

घेतात. बहुतेक वेळा गोळ्या, कारण त्यांना वास नसतो. त्यांचं उशिरा कळतं, कारण पहिला प्रश्न ‘बरं वाटत नाही का?’ असा नसतो, ‘कुणासोबत होतीस?’ असा असतो. फोटो-व्हिडिओ दाखवून धमकावण्याचा प्रकार असेल तर व्यसनाची लाज बाजूला ठेवून तक्रार करायची, ११२ वर. पकडला जायला हवा तो धमकावणारा.

कॉलेजने काय करावं? दरवर्षी २६ जूनला रॅली काढतो, शपथ देतो.

रॅली काढा, बिघडत नाही. पण कवटी आणि सुईचं पोस्टर पाहून कुणी थांबल्याचं आम्ही पाहिलं नाही. नशा रोखण्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून जे निकष काढले आहेत, त्यांतही नुसती भीती दाखवणं निष्फळ म्हटलं आहे. ‘मी सुधारलो’ छापाचं एकदाच होणारं रंगतदार भाषणही फारसं कामाचं नाही. ते ऐकून पोरांना वाटतं, हा एवढं करून सुटला, आपणही सुटू.

उपयोग होतो तो कंटाळवाण्या गोष्टींचा. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येक पंधरा-वीस मुलांमागे एक शिक्षक, जो नावाने ओळखेल आणि गैरहजर राहिलं तर फोन करेल. संध्याकाळी सात ते दहा उघडं मैदान आणि अभ्यासिका. इंग्रजीचा आणि गणिताचा जादा तास, कारण मागे पडणं ही व्यसनाची मोठी वाट आहे. रेक्टरला आणि शिपायाला बेशुद्ध मुलाला कुशीवर कसं वळवायचं हे हाताने करून दाखवणं. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखूची विक्री करायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. टेप घेऊन एकदा मोजा आणि नगरपालिकेला कळवा. घेत नसलेल्या बहुसंख्य मुलांचं प्रमाण कॉलेजातच नाव न लिहिता विचारून काढा आणि फळ्यावर लावा; ‘सगळेच घेतात’ची हवा त्यानेच निघते.

आणि नियम: स्वतःहून मदत मागायला आलेल्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही. हे लेखी हवं, माहितीपुस्तिकेत हवं. काही प्राचार्यांना यात ढिलाई वाटते. पण दाखला हातात देऊन काढून टाकलेला पोरगा बरा झाल्याचं उदाहरण आम्हाला माहीत नाही. तो नजरेआड होतो, तेवढंच. विकणाऱ्याबद्दल हा नियम नाही, तिथे पोलीस.

कुठे फोन करायचा?

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मन खचलं असेल, झोप नाही, मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानस, १४४१६. मराठीत बोलता येतं. विक्रीची माहिती नाव न सांगता द्यायची असेल तर अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरोची ‘मानस’ हेल्पलाइन, १९३३. टेली-मानस आणि मानस ही नावं सारखी वाटतात म्हणून नंबर नीट बघून लावा. जीव धोक्यात असेल तर १०८.

सरकारी दवाखान्यात गेलात तर केसपेपरच्या खिडकीवर ‘मानसोपचार’ एवढंच सांगा. कशासाठी आलात ते तिथल्या रांगेत सांगायची गरज नाही, ते आत डॉक्टरांना.